जादा तास की तपासणी? वाचनात अडखळणाऱ्या मुलांचा इतिहास आणि वऱ्हाड

१/
चौथीच्या वर्गातील एक मूल बोलण्यात चुणचुणीत आहे. बाजारातला हिशोब ते तोंडी बिनचूक करते, ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगते. पण पाठ्यपुस्तकातील चार ओळी त्याला वाचता येत नाहीत. शाळेने काय करावे? आधी जादा तास घेऊन शिकवून पाहावे, की आधी तज्ज्ञांकडे पाठवून कारण शोधावे?

प्रश्न आजच्या शिक्षकसभेतला वाटतो. प्रत्यक्षात तो सव्वाशे वर्षांचा आहे. पॅरिस, कॅलिफोर्निया, नागपूर आणि मुंबई असा प्रवास करून तो अमरावती-अकोल्याच्या शाळांपर्यंत कसा आला, याचा हा धागा. 🧵

२/
प्रथम दोन संज्ञा वेगळ्या करून ठेवू.

पहिली, स्तरनिहाय साहाय्य. सर्व मुलांना चांगले शिकवणे हा पहिला स्तर. मागे पडलेल्यांना लहान गटात अधिक वेळ देणे हा दुसरा. त्यानेही न सावरणाऱ्या मोजक्या मुलांना जवळजवळ एकेकट्याने, रोज शिकवणे हा तिसरा.

दुसरी, विशेष शिक्षणासाठीचे मूल्यमापन. मुलाची दृष्टी, श्रवण, बुद्धी, भाषा व वाचन यांची तज्ज्ञांनी केलेली तपासणी. तिच्यातून मुलाला अपंगत्व आहे की नाही हे ठरते, आणि त्यानुसार कायद्याने मिळणारे हक्क लागू होतात.

पहिले काम शाळेचे, दुसरे तज्ज्ञांचे. या दोहोंचे नाते काय, यावरच सारा वाद आहे.

३/
हा वाद सुरू होण्यापूर्वी वाचता न येणाऱ्या मुलासाठी मराठीत एकच शब्द होता: 'ढ'.

या शब्दाची एक प्रचलित उपपत्ती इतिहासप्रेमींना आवडेल अशी आहे. अशोककालीन ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंत बहुतेक अक्षरांची रूपे पालटत गेली. 'ढ' मात्र जवळपास तसाच राहिला. म्हणून जो वर्षानुवर्षे जागचा हलत नाही तो 'ढ', असे सांगतात. व्युत्पत्ती म्हणून ती खरी असो वा नसो, तिच्यातील समजूत लक्षात घेण्याजोगी आहे: दोष अक्षराचाच, म्हणजे मुलाचाच. त्याला काय व कसे शिकवले गेले, हा प्रश्न तिच्यात कुठेच येत नाही.

४/
इयत्तेची चौकट वसाहतकाळात घट्ट झाली. इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित संहितेने शाळेचे अनुदान मुलांच्या वाचन, लेखन व अंकगणिताच्या परीक्षेशी बांधले. निरीक्षक येई, प्रत्येक मुलाची परीक्षा घेई आणि नापासागणिक शाळेचे पैसे कापले जात. 'निकालावर अनुदान' ही पद्धत पुढे हिंदुस्थानातील अनेक प्रांतांतही आली.

अशा व्यवस्थेत अडखळणारे मूल म्हणजे शाळेचे आर्थिक नुकसान. त्याला मागे ठेवणे किंवा हजेरीपटावरून त्याचे नाव कमी होणे, हेच सोयीचे ठरे. साहाय्यही नाही आणि तपासणीही नाही, अशी ही पहिली अवस्था.

५/
पहिला तडा वैद्यकशास्त्राने पाडला. नोव्हेंबर १८९६ मध्ये इंग्लंडमधील डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा हुशार होता, त्याची दृष्टी चांगली होती, तो अंक वाचू शके. शब्द मात्र वाचता येत नसत. शिक्षण केवळ तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत चलाख मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत मॉर्गन यांनी नोंदवले आहे.

हुशार मुलालाही वाचन न येण्याचे जन्मजात कारण असू शकते, हे यानंतर नाकारणे कठीण झाले.

६/
दुसरा तडा १९०४ साली पॅरिसमध्ये पडला. सक्तीच्या शिक्षणामुळे सर्व थरांतील मुले शाळेत आली होती आणि त्यांतील काहींना वेगळ्या वर्गात पाठवण्याची टूम निघाली होती. फ्रान्सच्या शिक्षणमंत्र्यांनी नेमलेल्या आयोगाने आग्रह धरला, की तपासणी केल्याशिवाय कोणत्याही मुलाला नेहमीच्या शाळेतून हलवू नये. ही तपासणी करायची कशी, याचे उत्तर म्हणून आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी १९०५ मध्ये आपली बुद्धिमापन श्रेणी सिद्ध केली.

म्हणजे मूल्यमापनाचा जन्म मुलाला बाहेर काढण्यासाठी झाला नव्हता. शिक्षकाच्या मर्जीपासून मुलाचे रक्षण व्हावे, हा त्याचा मूळ हेतू होता.

७/
बिने यांचे मत होते की बुद्धी ठोकळ्यासारखी स्थिर नसते, योग्य सरावाने ती वाढवता येते. अशा मुलांसाठी त्यांनी मनाच्या व्यायामाचे पाठही सुचवले होते. तपासणी आणि साहाय्य त्यांच्या विचारात एकत्रच होते.

१९११ मध्ये बिने वारले. अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेल्यावर त्यांच्या चाचणीतून एकच आकडा उचलला गेला, तो म्हणजे बुद्ध्यंक. आणि तो मुलाच्या कपाळी कायमचा लिहिला गेला. साहाय्याचा भाग पॅरिसमध्येच राहिला. पुढील शतकातील बराच गोंधळ या ताटातुटीतून झाला आहे.

८/
ही चाचणी मराठीत कशी आली? व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड परिसरात काम करून बिने श्रेणीची मराठी व कन्नड मुलांसाठी आवृत्ती तयार केली. ती 'बॉम्बे-कर्नाटक' आवृत्ती म्हणून ओळखली जाते. तिच्यावरील त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला.

वऱ्हाडापुरती एक गोष्ट येथे टिपून ठेवावी. तेव्हा वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हताच. १८५३ मध्ये निजामाकडून तो इंग्रजांच्या ताब्यात आला, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला आणि १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात सामील झाला. मराठी मुलांचे मोजमाप सिद्ध होत होते तेव्हा वऱ्हाडी मूल त्या प्रदेशाबाहेर होते.

९/
विदर्भाचे स्वतःचे योगदान नंतर आले, आणि ते देशभर पोहोचले. नागपूरच्या चाइल्ड गाइडन्स सेंटरशी संबंधित आर्थर मॅलिन यांनी वेक्सलरच्या बालचाचणीचे भारतीय रूप १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. 'मिसिक' या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी पुढे शासकीय मार्गदर्शक सूचनांतही आली. आज देशात कुठेही मुलाचा बुद्ध्यंक 'मिसिक'ने मोजला जातो, तेव्हा त्यामागे नागपूरचे काम असते.

१०/
दरम्यान वऱ्हाडातील शाळांचे रूप बदलत होते. डॉ. पंजाबराव देशमुख यांनी १९३२ मध्ये अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली आणि शिक्षण बहुजनांच्या, विशेषतः शेतकऱ्यांच्या मुलांपर्यंत नेले. ज्या घरांत आधी कोणी पाटी धरली नव्हती, त्या घरांतील मुले आता बाकावर बसली.

पॅरिसमध्ये जे घडले तेच येथेही घडणे अटळ होते. शाळेचे दार रुंदावले की वर्गात अडखळणारी मुलेही दिसू लागतात. पण अडखळण्याची कारणे अनेक असतात, आणि वऱ्हाडात त्यांतले एक कारण थेट जिभेवर होते.

११/
ते कारण म्हणजे बोली. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड १९०५ मध्ये आला. त्यात वऱ्हाडी बोलीची स्वतंत्र दखल आहे. वऱ्हाडीत 'ळ' चा 'य' होतो. डोळे म्हणजे 'डोये', काळा म्हणजे 'काया', शाळा म्हणजे 'शाया'. 'मला' चे 'मले' होते आणि 'पाणी' चे 'पानी'.

आता अकोट किंवा दर्यापूरच्या खेड्यातील मूल वहीत 'डोये' लिहिते. ही वाचनदोषाची खूण आहे का? मुळीच नाही. ते जे ऐकते तेच लिहिते. म्हणजे ध्वनी आणि अक्षर यांची जोडणी त्याला उत्तम जमली आहे! ज्याला वऱ्हाडी ठाऊक नाही असा परीक्षक याच उत्तरावर फुली मारील.

१२/
मेळघाटात प्रश्न आणखी खोल जातो. धारणी व चिखलदरा तालुक्यांतील असंख्य मुलांची घरची भाषा कोरकू आहे. कोरकू ही मराठीची बोली नाही. ती इंडो-आर्य कुळातलीही नाही. ती मुंडा गटातील, म्हणजे संथाळी-मुंडारीची नातलग. पहिलीत पाऊल टाकणारे कोरकू मूल एका परक्या भाषेत अक्षरओळख करत असते.

असे मूल तिसरीत मराठी परिच्छेद वाचू शकले नाही, तर कारण भाषा की अपंगत्व? दोन्ही उत्तरे घाईने दिली तर चुकतात. 'अपंगत्व' म्हटले तर निरोगी मुलावर शिक्का बसतो. 'भाषाच कारण' म्हणून सोडून दिले, तर ज्या कोरकू मुलाला खरोखरच वाचनअक्षमता आहे ते कधीच सापडत नाही.

१३/
हाच पेच कॅलिफोर्नियात न्यायालयापर्यंत गेला. मेक्सिकन वंशाच्या, घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची बुद्धी इंग्रजी चाचणीने मोजून त्यांना मंदबुद्धींच्या वर्गात घातले गेले होते. स्पॅनिशमधून पुन्हा तपासल्यावर त्यांतील बहुतेकांचे गुण वर गेले. १९७० च्या 'डायना विरुद्ध राज्य शिक्षण मंडळ' या खटल्यात तडजोड झाली आणि मुलाची चाचणी त्याच्या घरच्या भाषेतही घ्यावी, हे राज्याला मान्य करावे लागले.

धारणीच्या वर्गखोलीपासून हजारो मैल दूर असलेल्या या खटल्याचा धडा धारणीला जसाच्या तसा लागू पडतो.

१४/
१९७५ मध्ये अमेरिकेने सर्व अपंग मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा केला. त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन वा गणितातील अडचण, ओळखण्यासाठी 'तफावती'चा निकष रूढ झाला. बुद्ध्यंक चांगला, पण वाचन फारच मागे. ही तफावत पुरेशी मोठी असेल तरच मूल पात्र.

निकष नीटनेटका होता, परिणाम क्रूर होता. पहिलीतील मुलात तफावत मोठी दिसतच नाही, कारण पहिलीत कोणालाच फारसे वाचता येत नसते. दरी रुंदावेपर्यंत तिसरी-चौथी उजाडे. समीक्षकांनी या पद्धतीला 'नापास होण्याची वाट पाहणे' असे नाव दिले.

१५/
म्हणून २००४ च्या सुधारणेने तफावतीची सक्ती राज्यांना करता येणार नाही असे ठरवले आणि नवी वाट उघडली. मुलाला प्रमाणित पद्धतीने शिकवा, ते कसा प्रतिसाद देते याची नोंद ठेवा, आणि ती नोंद मूल्यमापनात वापरा. स्तरनिहाय साहाय्याचा सुवर्णकाळ येथून सुरू झाला.

यामागचा तर्क साधा आहे. ज्याला नीट शिकवलेच गेले नाही ते मूल दुसऱ्या स्तरावर काही आठवड्यांत सावरते. ज्याची अडचण मुळात वेगळी आहे त्याची प्रगती तेच साहाय्य मिळूनही रेंगाळते. शिकवणे हीच एक प्रकारची तपासणी ठरते.

१६/
आणि मग जुना रोग नव्या रूपात परतला.

पालक म्हणत, 'मुलाची तपासणी करा.' शाळा म्हणे, 'अजून दुसरा स्तर पूर्ण व्हायचा आहे.' दुसरा झाला की तिसरा. एक सत्र जाई, वर्ष जाई. जी शिडी मुलाला वर नेण्यासाठी होती तीच मूल्यमापनाच्या दाराला आडवी लावली गेली.

अखेर २१ जानेवारी २०११ रोजी अमेरिकेच्या विशेष शिक्षण कार्यालयाने राज्यांना पत्र पाठवून स्पष्ट केले, की स्तरनिहाय साहाय्य सुरू आहे या सबबीवर मूल्यमापन लांबवता किंवा नाकारता येणार नाही. पालकांनी संमती दिल्यावर ते साधारणतः साठ दिवसांत पूर्ण व्हावे, अशी मुदत तेथे आहे.

१७/
आता महाराष्ट्राकडे वळू. येथे हीच दोन कामे दोन वेगळ्या रुळांवरून धावली, आणि बराच काळ ते रूळ एकमेकांना भेटलेच नाहीत.

मूल्यमापनाचा रूळ परीक्षा मंडळापासून सुरू झाला. केंद्राच्या १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे होती. अध्ययन अक्षमता त्यांत नव्हती. तरीही महाराष्ट्राने १९९६ मध्ये अशा मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती दिल्या. जादा वेळ, लेखनिक, गणिताऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित आणि कार्यानुभव अशा त्या तरतुदी होत्या. देशात हे पाऊल फार आधीचे होते, याचे श्रेय राज्याला द्यायलाच हवे.

१८/
मात्र या मार्गाचे दोन परिणाम झाले.

एक, 'अध्ययन अक्षमता' म्हटले की लोकांना प्रमाणपत्र आणि दहावी आठवू लागली. तपासणी ही मुलाला शिकवण्याची पूर्वतयारी असते, हे मागे पडले. पंधराव्या वर्षी मिळालेला जादा वेळ उपयोगी असतोच. पण आठव्या वर्षी मिळायला हव्या होत्या त्या वाचनपाठांची भरपाई त्याने होत नाही.

दुसरा परिणाम भूगोलाचा. तपासणीची अनुभवी केंद्रे सुरुवातीला मुंबईतील शीवसारख्या मोठ्या महापालिका रुग्णालयांत विकसित झाली. अकोल्याहून मुंबई रेल्वेने सुमारे ५८० किलोमीटर. अमरावतीहून त्याहून अधिक. रोजमजुरी बुडवून दोन-तीन फेऱ्या करणे कोणत्या घराला परवडेल, हे सांगायला नको.

१९/
साहाय्याचा रूळ वेगळीकडून आला. १९९५ च्या सुमारास मुंबईत 'प्रथम' ही संस्था उभी राहिली. मुलांना इयत्तेनुसार न बसवता त्यांच्या प्रत्यक्ष पातळीनुसार गटात बसवायचे, ही तिची पद्धत. २००५ पासून तिच्या 'असर' सर्वेक्षणाने वाचनाच्या पातळ्या घरोघरी पोहोचवल्या: प्रारंभिक, अक्षर, शब्द, पहिलीचा परिच्छेद, दुसरीची गोष्ट.

आज वऱ्हाडातील कोणत्याही जिल्हा परिषद शाळेत 'हा शब्दावर आहे, ती परिच्छेदावर गेली' अशी भाषा ऐकू येते. अमेरिकेतील स्तरांशी तिचे साम्य आहे. एक मूलभूत फरक मात्र आहे. येथील पातळी मूल कुठे उभे आहे ते सांगते. ते तिथे का अडले आहे, हे सांगत नाही.

२०/
शासनानेही हीच दिशा घेतली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २४ शिक्षकाला प्रत्येक मुलाची अध्ययनक्षमता जाणून गरजेप्रमाणे जादा शिकवण्यास सांगते. महाराष्ट्रात २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आणि पायाभूत चाचण्या, आणि जुलै २०२१ मध्ये केंद्राचे 'निपुण भारत'.

या सर्वांत साहाय्य आहे, पातळी आहे, उद्दिष्ट आहे. पण एखादे मूल महिनोन्महिने 'अक्षर' पातळीवरच राहिले, तर पुढचा दूरध्वनी कोणाला करायचा? जादा तासाच्या नोंदवहीतून तपासणीच्या टेबलापर्यंत जाणारी ठरलेली वाट या योजनांच्या केंद्रस्थानी नव्हती.

२१/
कोविडकाळाने हा प्रश्न टोकाला नेला. शाळा बंद, हातात फोन नाही, आणि जुलै २०२१ मध्ये मागील वर्षाच्या अभ्यासाची उजळणी म्हणून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम. वर्ग भरले तेव्हा न वाचू शकणाऱ्या मुलांची रांगच उभी होती. त्यांतील बहुसंख्य मुले शाळा बुडाल्यामुळे मागे होती; काही मात्र शाळा सुरू असती तरी मागेच राहिली असती.

त्यांना एकमेकांपासून वेगळे ओळखण्याचा मार्ग एकच: सर्वांना नीट शिकवणे, आणि कोण सावरते व कोण नाही हे तारीखवार टिपून ठेवणे. स्तरनिहाय साहाय्याचे खरे मोल येथे दिसते.

२२/
कायद्याची बाजू तोवर बदलली होती. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा एप्रिल २०१७ पासून लागू झाला. अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता प्रथमच केंद्रीय कायद्यात आली. कलम १६ नुसार अशी अक्षमता लवकरात लवकर ओळखून योग्य अध्यापन व अन्य उपाय योजणे, हे शिक्षण संस्थांकडून अपेक्षित आहे.

वाक्यरचना पाहण्यासारखी आहे. ओळखणे आणि उपाय, दोन्ही एकाच कलमात, एकाच दमात. 'आधी हे, मग ते' असा क्रम कायद्याने लावलेला नाही. मात्र अमेरिकेसारखी साठ दिवसांची मुदतही त्यात नाही.

२३/
जानेवारी २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी पायऱ्या आखल्या. तिसरी इयत्ता किंवा वयाची आठ वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा शिक्षकांनी प्राथमिक चाळणी करावी. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली चाळणी समिती असावी. संशय आल्यास मूल बालरोगतज्ज्ञांकडे जाते. दृष्टी, श्रवण आणि मज्जासंस्था तपासली जाते. नंतर बुद्धिचाचणी (येथे नागपूरची 'मिसिक' भेटते) आणि शेवटी अध्ययन अक्षमतेच्या चाचण्या.

दृष्टी व श्रवण आधी का? कारण फळा न दिसणे हेही न वाचण्याचे कारण असते, आणि त्यावर उपाय चष्मा असतो.

२४/
वऱ्हाडात या वाटेवरची ठाणी आज अस्तित्वात आहेत. अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासून आहे. अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय लोकांच्या तोंडी अजूनही 'इर्विन' आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वर्षातून एकदा शाळांत जाऊन मुले तपासतात. पुढील तपासणीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे, आणि कार्यक्रमाच्या यादीत अध्ययन अक्षमताही आहे. तालुक्याला गट साधन केंद्र आणि समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक आहेत.

अंतर मात्र जिल्ह्याच्या आतही उरतेच. धारणीहून अमरावती घाटरस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर आहे.

२५/
साधनेही मराठीत आली आहेत. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ च्या सुमारास 'डाली' नावाची वाचनअक्षमता चाचणी सिद्ध केली. हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठी ही तिच्या पहिल्या भाषांपैकी एक.

हे महत्त्वाचे का? इंग्रजीत एकाच अक्षराचे अनेक उच्चार होतात, म्हणून तेथील मूल चुकीचे वाचते. देवनागरीत उच्चार बव्हंशी ठरलेला असतो. त्यामुळे मराठी मूल पुष्कळदा बरोबरच वाचते, पण फार सावकाश, मात्रा व जोडाक्षरांपाशी थांबत. इंग्रजीच्या फुटपट्टीने मोजले तर असे मूल नजरेतून निसटते. कोरकू मुलासाठी मात्र मराठीची फुटपट्टीही पुरेशी नाही, हे पुन्हा लक्षात ठेवावे लागते.

२६/
ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे खटल्यात विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवून दिले: प्राथमिक स्तरावर विशेष गरजांच्या दहा विद्यार्थ्यांमागे एक, वरच्या वर्गांत पंधरांमागे एक.

या आदेशाचा येथील संबंध असा, की साहाय्याचा तिसरा स्तर आणि मूल्यमापन यांना जोडणारी व्यक्ती म्हणजे विशेष शिक्षक. वर्गशिक्षकाची नोंदवही वाचून 'याला आणखी सराव द्या' किंवा 'याला आता पाठवा' असे सांगू शकणारा माणूस शाळेच्या जवळ असला, तरच दोन रूळ सांधले जातात.

२७/
सव्वाशे वर्षांच्या या इतिहासात तीन चुका पुन्हा पुन्हा दिसतात.

तपासणीविना शिक्का: पॅरिसमध्ये जी भीती होती ती, आणि कॅलिफोर्नियात जे घडले ते.
साहाय्याविना तपासणी: प्रमाणपत्र हातात, पण शिकवण्यात काहीच बदल नाही.
तपासणीविना साहाय्य: जादा तासांचे चक्र चालू, वर्षे सरतात, कारण कोणी शोधत नाही.

'आधी काय?' या प्रश्नाचे उत्तर या तिन्हींकडे पाहिल्यावर मिळते. साहाय्य पहिल्या दिवसापासून सुरू व्हावे, कारण त्यासाठी कोणाच्या प्रमाणपत्राची गरज नाही. मूल्यमापन संशय आल्याबरोबर मागावे, कारण साहाय्य पूर्ण होण्याची अट त्याला नाही. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात, चालायलाच हवीत.

२८/
आणि या दोहोंना जोडणारा दुवा कोणतेही महागडे यंत्र नाही. तो म्हणजे तारीखवार नोंद.

जूनमध्ये मूल कोणत्या पातळीवर होते, कोणत्या पद्धतीने, आठवड्यातून किती वेळ शिकवले, सप्टेंबरमध्ये काय बदलले. घरची भाषा वऱ्हाडी की कोरकू, चष्मा लागला का, ऐकू नीट येते का. एवढे एक पान मुलाबरोबर अकोल्याला किंवा अमरावतीला गेले, तर तपासणाऱ्याला एका तासात न दिसणारे सहा महिने दिसतात. पालकांनीही तपासणीची मागणी लेखी करावी व तिची पोच घ्यावी. इतिहासात टिकते ते कागदावरचेच.

'ढ' दोन हजार वर्षे तसाच राहिला, कारण त्याला बदलण्याची गरज कोणाला भासली नाही. अकोटच्या किंवा धारणीच्या चौथीतील मुलाकडे मात्र दोन हजार वर्षे नाहीत. त्याच्याकडे पाचवीपर्यंतचा वेळ आहे.

(धागा समाप्त. तुमच्या शाळेत बोलीमुळे 'चूक' ठरलेले शब्द कोणते होते? खाली लिहा, वऱ्हाडीचा तोही इतिहासच आहे.)